भविष्यकाळातले वाक्य आज खरे असते का?

इंग्रजी व्याकरणात ‘साधा भविष्यकाळ’ म्हणून जो शिकवला जातो, तो ‘विल’ किंवा ‘शॅल’ या साहाय्यक क्रियापदापुढे मूळ क्रियापद ठेवून होतो. ‘ही विल कम’, म्हणजे ‘तो येईल’. रचना एवढी सोपी. पण असे वाक्य ज्या क्षणी उच्चारले जाते त्या क्षणी ते खरे असते का, हा प्रश्न तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री सुमारे तेवीसशे वर्षे सोडवत आले आहेत. ‘तो आला’ हे विधान पडताळायला घडलेली गोष्ट हाताशी असते. ‘तो येईल’ म्हणताना तसे काहीच हाताशी नसते. मग हे वाक्य कशाच्या बळावर खरे ठरते? आणि ते आजच खरे असेल, तर त्या माणसाला न येण्याची मोकळीक उरते का? या दोन प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर दैव, प्रयत्न, ईश्वराचे सर्वज्ञत्व आणि माणसाची जबाबदारी यांविषयीच्या कितीतरी मतांची उभारणी झाली आहे.

रूप एक, कामे तीन

जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाला क्रियापदाचे स्वतंत्र रूप नव्हते. वर्तमान आणि भूत अशी दोनच रूपे होती, आणि पुढच्या गोष्टी बहुधा वर्तमानाच्या रूपानेच सांगितल्या जात. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे आणि ‘शॅल’चा देणे लागणे, हीच दोन क्रियापदे हळूहळू साहाय्यक बनून भविष्य दाखवू लागली. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिन भाषेत इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्यात प्रथमपुरुषी ‘शॅल’ने नुसते भाकीत होते आणि ‘विल’ने वचन किंवा धमकी दिली जाते, द्वितीय-तृतीयपुरुषी मात्र नेमके उलट होते, असा नियम आहे. शाळांतून ‘आय, वी असेल तर शॅल’ म्हणून जो नियम घोकून घेतला जाई, त्याचे मूळ इथे आहे. या नियमावर इंग्रजीत एक जुनी गोष्ट सांगतात. पाण्यात पडलेला एक परका माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी.’ त्याला म्हणायचे असते, ‘मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही.’ काठावरचे व्याकरणनिष्ठ लोक मात्र ऐकतात, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर’, आणि त्याच्या इच्छेचा मान राखून गप्प उभे राहतात.

गोष्ट थट्टेची असली तरी तिच्यातला भेद खरा आहे. भविष्यकाळाचे एकच रूप किमान तीन कामे करते. पहिले काम भाकिताचे: उद्या पाऊस पडेल. दुसरे निश्चयाचे: मी उद्यापासून पहाटे उठेन. तिसरे बंधनाचे, मग ते वचनाने आलेले असो वा आज्ञेने: मी तुझे पैसे परत करीन. भारतीय राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदात राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही, असे म्हटले आहे. इंग्रजी पाठात तिथे ‘शॅल नॉट’ आहे. हे काही सरकारच्या भावी वागणुकीचे भाकीत नव्हे. उद्या एखाद्या सरकारने समानता नाकारली, तर घटनेतले वाक्य खोटे ठरले असे कोणी म्हणत नाही. त्या वाक्याचा भंग झाला असे म्हणतात आणि न्यायालयात जातात.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ साली सिद्ध केलेल्या केंब्रिजच्या बृहद् व्याकरणाने तर इंग्रजीला भविष्यकाळच नाही, अशी भूमिका घेतली. त्यांच्या मते ‘विल’ हे शक्यता, अनुमान, इच्छा असे अर्थ दाखवणारे साहाय्यक क्रियापद आहे. दाराची घंटा वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे म्हणतात. त्यातला पोस्टमन या क्षणीच दारात उभा असतो. मराठी माणूसही अशा वेळी ‘पोस्टमन असेल’ असेच म्हणतो. तेव्हा हे रूप काळापेक्षा बोलणाऱ्याच्या खात्रीशी अधिक बांधलेले आहे, असे म्हणायला जागा आहे. तत्त्वज्ञानातला जुना वाद प्रामुख्याने यातल्या पहिल्या कामाचा, म्हणजे भाकिताचा आहे.

उद्याचे आरमारी युद्ध

वादाची पहिली नीट मांडणी अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पेरी हर्मेनेआस’ या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात आढळते. उद्या आरमारी युद्ध होईल, असे एकजण म्हणतो. होणार नाही, असे दुसरा म्हणतो. प्रत्येक विधान खरे तरी असते नाहीतर खोटे, हा तर्कशास्त्राचा नियम इथे लावला तर दोघांपैकी एकाचे बोलणे आजच खरे आहे. पहिल्याचे खरे असेल तर उद्या युद्ध टळू शकत नाही, दुसऱ्याचे खरे असेल तर ते होऊ शकत नाही. हेच विधान दहा हजार वर्षांपूर्वी कोणी केले असते, तरी तेव्हाही ते खरे किंवा खोटे असतेच. मग जगात जे जे होते ते सगळे अटळ, आणि विचारविनिमय करून काही ठरवणे व्यर्थ.

हा निष्कर्ष अ‍ॅरिस्टॉटलला मान्य नाही, आणि त्यासाठी तो अगदी जवळचे उदाहरण घेतो. अंगावरचा हा झगा कापला जाऊ शकतो. पण कापला जाण्याआधी तो विरून जाईल. कापला जाण्याची शक्यता प्रत्यक्षात उतरली नाही म्हणून ती नव्हतीच, असे होत नाही. म्हणून उद्या युद्ध होईल किंवा होणार नाही, हे जोडविधान आजच अटळपणे खरे आहे; त्यातला कोणताही एक भाग सुटा काढून त्याला मात्र अटळ म्हणता येत नाही. सुटे भाग आज खरेही नाहीत आणि खोटेही नाहीत, असा या प्रकरणाचा अर्थ परंपरेने लावला गेला. ते खरे किंवा खोटे असतात पण अटळ नसतात, असा दुसरा अर्थ लावणारेही अभ्यासक आहेत. या दोन अर्थांमधली दरी पुढच्या साऱ्या वादातून जाते.

डायोडोरस क्रोनस या ग्रीक तत्त्वज्ञाने विरुद्ध बाजू कडक केली. भूतकाळातले प्रत्येक सत्य आता बदलण्यापलीकडचे आहे. शक्य गोष्टीतून अशक्य गोष्ट निष्पन्न होत नाही. ही दोन तत्त्वे मान्य केली तर जे आज नाही आणि पुढेही होणार नाही ते शक्यच नव्हते, असे मानावे लागते, असा त्याचा युक्तिवाद होता. अ‍ॅरिस्टॉटलचा झगा कापला गेला नाही, म्हणजे डायोडोरसच्या हिशेबी तो कापला जाऊच शकत नव्हता.

आळशाचा युक्तिवाद

भविष्य आधीच ठरलेले असेल तर हातपाय कशाला हलवायचे, या विचाराला ग्रीकांनी ‘आळशाचा युक्तिवाद’ असे नाव दिले होते. सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या दैवविषयक ग्रंथात तो दिला आहे. आजारातून उठणे नशिबात असेल तर वैद्याला बोलावले काय, न बोलावले काय, रोगी उठेलच. नसेल तर उठणार नाही. तेव्हा वैद्याला बोलावण्यात अर्थ नाही. स्टोइक पंथाचा क्रिसिपस स्वतः दैववादी होता, तरी त्याने हा युक्तिवाद खोडून काढला. ग्रीक कथेतल्या लायस राजाला ईडिपस हा मुलगा होईल, हे ठरलेले असेल. पण तो स्त्रीसंग करो वा न करो, मुलगा होईल, असे काही ठरलेले नाही. फळ ठरले असेल तर त्याला लागणारा प्रयत्नही त्याच्याबरोबरच ठरलेला असतो.

भारतात मक्खलि गोसालाच्या आजीवक पंथाने नियतीचे टोक गाठले होते. बौद्धांच्या सामञ्ञफलसुत्तात त्याचे मत असे दिले आहे की, फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेली जन्मपरंपरा भोगून दुःखाचा अंत करतात. शील, व्रत, तप यांनी त्यात घट-वाढ होत नाही. बुद्ध आणि महावीर या दोघांच्याही परंपरांनी या मताला विरोध केला, कारण ते मानले तर साधनेचा पायाच उखडतो. योगसूत्रांनी न आलेले दुःख हे टाळण्याजोगे म्हटले आहे, आणि योगवासिष्ठाचे मुमुक्षुप्रकरण दैवाची बाजू खोडून पौरुषाची बाजू मांडते. पूर्वीच्या प्रयत्नालाच लोक दैव म्हणतात, असे तिथले म्हणणे आहे. पुढे येणारे दुःख टाळता येते असे म्हणणाऱ्याला ‘दुःख येईल’ हे वाक्य आजच पक्के खरे मानून चालत नाही.

न आलेल्या गोष्टीचे अस्तित्व

भविष्यकाळी वाक्य खरे असायचे तर त्याला काही आधार लागतो. हा आधार कोणत्या स्वरूपात असतो, यावर भारतीय दर्शनांनी बारकाईने विचार केला. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य आपल्या कारणात आधीपासून असते. तिळात तेल असते, दुधात दही असते, फक्त प्रकट व्हायचे राहिलेले असते. ‘दही होईल’ या वाक्याचा आधार त्यामुळे आजच्या दुधातच सापडतो. बौद्धांमधल्या सर्वास्तिवाद्यांनी भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूलघटक, अस्तित्वात आहेत असे मानले, आणि त्या मतावरूनच त्यांच्या पंथाला नाव पडले. त्यांचा एक युक्तिवाद असा, की ज्ञानाला विषय लागतो. भविष्य मुळीच नसेल तर भविष्याचे ज्ञान कशाचे? वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’त हे मत सविस्तर मांडून सौत्रान्तिक या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या बाजूने त्याचे खंडन केले. भविष्यातली वस्तू ‘आहे’ म्हणायचे तर ती आजच आपले काम करताना दिसायला हवी. ती तसे करत नाही, कारण ती अजून झालेली नाही.

न्यायवैशेषिकांनी तिसरा मार्ग काढला. घडा होण्यापूर्वी त्याचा अभाव असतो. या अभावाला ते प्रागभाव म्हणतात. तो अनादी आहे, पण घडा झाला की संपतो. घडा आज नाही, तरी त्याचा प्रागभाव आज खरोखर आहे. आणि ज्याचा प्रागभाव आज आहे ते भविष्य, अशी व्याख्या त्यांनी केली. कुंभाराच्या चाकावरच्या मातीकडे बोट दाखवून ‘घडा होईल’ म्हणणारा नैयायिक त्यामुळे नसलेल्या घड्याबद्दल बोलत नाही. तो आजच्या एका वस्तुस्थितीबद्दल बोलतो. यात अडचण आहे ती अशी: तो घडा कधीच झाला नाही, माती वाळून गेली, तर तिथे प्रागभाव होता की कायमचा अभाव होता, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. प्रागभाव कोणता ते घडा झाल्यावरच कळते. म्हणजे वाक्याचा आधार आज असतो असे म्हटले, तरी तो ओळखण्याची खूण उद्याच्या हातात राहते.

ईश्वराला उद्या माहीत असतो का?

सर्वज्ञ ईश्वर मानणाऱ्या धर्मांत प्रश्न अधिक टोकदार होतो. माणसाचे भाकीत चुकू शकते, ईश्वराचे ज्ञान चुकू शकत नाही. एखादा माणूस उद्या चोरी करील हे ईश्वराला आज माहीत असेल, तर चोरी न करणे त्याच्या हाती राहिले का, आणि राहिले नसेल तर त्याला शिक्षा कशाची? संत ऑगस्टीनचे उत्तर असे की, स्मृती जशी भूतकाळातल्या गोष्टी घडवत नाही, तसे पूर्वज्ञान भविष्यातल्या गोष्टी घडवत नाही. ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात त्याने याच्याही पुढे जाऊन भविष्य म्हणून काही नसतेच, मनात असते ती भविष्याची अपेक्षा आणि ती वर्तमानातच असते, असे म्हटले.

सहाव्या शतकात मृत्युदंडाची वाट पाहत कैदेत असलेल्या बोएथियस या तत्त्वज्ञाने आणखी वेगळे उत्तर दिले. ईश्वर काळाच्या बाहेर आहे. त्याच्यापुढे सारे काळ एकदमच उभे आहेत, त्यामुळे त्याचे ज्ञान पूर्वज्ञान नव्हेच. ते पाहणे आहे. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला कोणी पाहिले, तर तो चालत असलाच पाहिजे. पण पाहणाऱ्याने त्याला चालायला लावलेले नसते. पाहिले असेल तर चालणे अटळ, ही अट घातलेली अटळता आहे. चालणे स्वतः अटळ नाही.

वाद यानेही मिटला नाही. पंधराव्या शतकात लूव्हेनच्या विद्यापीठात पीटर दे रिवो याने मानवी इच्छेवर अवलंबून असलेली भविष्यविषयक विधाने खरीही नसतात आणि खोटीही नसतात, अशी अ‍ॅरिस्टॉटलची बाजू घेतली. मग बायबलमधल्या भविष्यवाण्यांचे काय, असा प्रश्न उभा राहिला, आणि १४७४ साली पोप सिक्स्टस चौथा याने त्याच्या विधानांचा निषेध केला. १५८८ मध्ये लुइस दे मोलिना या जेझुइटाने ईश्वराला ‘अमुक परिस्थितीत अमुक माणूस आपल्या इच्छेने काय करील’ याचेही ज्ञान असते, असा सिद्धांत मांडला. डोमिनिकन पंथीयांनी त्याला कडाडून विरोध केला. हे प्रकरण रोममध्ये अनेक वर्षे चालले आणि १६०७ मध्ये पोप पॉल पाचवा याने कोणत्याच बाजूने निर्णय न देता ते थांबवले.

धर्मांनी या प्रश्नावर एक व्यवहारी तोडगाही ठेवलेला आहे. कुराणाच्या अल-कह्फ या अठराव्या सूरेत ‘मी हे उद्या करीन’ असे कशाबद्दलही म्हणताना ईश्वराची इच्छा असल्यास, हे जोडावे अशी आज्ञा आहे. ‘इन्शाअल्लाह’चा आधार तो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आज-उद्या अमक्या गावी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करून पैसे मिळवू, असे बेत सांगणाऱ्यांना तोच इशारा आहे. मराठी घरांतले ‘देवाच्या मनात असेल तर’ हेही त्याच जातीचे. हे शब्द जोडल्याने निश्चय मागे घेतला जात नाही; तो पार पडणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, एवढेच मान्य केले जाते. काम टाळण्यासाठी हेच शब्द वापरले गेले की त्यांचा अर्थ उलटा होतो.

तिसरे सत्यमूल्य आणि काळाचे तर्कशास्त्र

विसाव्या शतकात हा प्रश्न गणिती तर्कशास्त्रात आला. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच याने १९२० मध्ये तीन सत्यमूल्यांचे तर्कशास्त्र मांडले. पुढच्या वर्षी अमुक दिवशी दुपारी आपण वॉर्सात असू, हे वाक्य त्याच्या मते आज खरेही नाही, खोटेही नाही. त्याला खऱ्या-खोट्याच्या मधले तिसरे मूल्य द्यावे. पण या पद्धतीत ‘युद्ध होईल किंवा होणार नाही’ या जोडविधानालाही मधलेच मूल्य मिळते, आणि अ‍ॅरिस्टॉटलला तर ते निःसंशय खरे हवे होते.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आर्थर प्रायरने १९५० च्या दशकात काळाचे स्वतंत्र तर्कशास्त्र उभे केले. धर्मशास्त्रातला पूर्वनियतीचा प्रश्न आणि डायोडोरसचा युक्तिवाद, हे दोन्ही त्यामागे होते. १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्याने दोन पद्धती शेजारी ठेवल्या. काळाला पुढे फाटे फुटलेले आहेत, हे दोन्हींत समान. पहिलीत ‘होईल’ म्हणजे पुढच्या प्रत्येक फाट्यावर होईल. त्यामुळे ज्याचे काहीच ठरलेले नाही अशा गोष्टीबद्दल ‘होईल’ हेही खोटे आणि ‘होणार नाही’ हेही खोटे ठरते. दुसरीत फाट्यांपैकी एक प्रत्यक्षात येणारा आहे असे मानून ‘होईल’चे खरेखोटेपण त्या फाट्यावरून ठरवले जाते. पहिलीत भविष्य खुले राहते, पण रोजच्या बोलण्यातली बहुतेक भाकिते खोटी ठरतात. लग्नाला पाहुणे येतील असे म्हटले आणि पाहुणे आले, तरी म्हणणाऱ्याचे वाक्य म्हटले त्या दिवशी खोटेच होते, असे मानावे लागते. दुसरीत रोजची भाषा शाबूत राहते, पण अनेक फाट्यांतला खरा कोणता हे आजच कशाने ठरले, याचे उत्तर द्यावे लागते.

भाकीत चुकते, शब्द मोडतो

एवढ्या चर्चेत निश्चय आणि वचन ही कामे बाजूला राहिली होती. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी १९५७ च्या ‘इंटेन्शन’ या पुस्तकात त्यांपैकी निश्चयाला मध्यभागी आणले. एक माणूस हातात यादी घेऊन दुकानात सामान घेतो, आणि त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर तो काय काय घेतो ते टिपून ठेवतो. दोन्ही कागदांवर शेवटी तेच शब्द असतील. पण टिपणातले आणि पिशवीतले जुळले नाही, तर चूक टिपणाची. यादी आणि पिशवी जुळली नाही, तर चूक खरेदीची. भाकीत हे गुप्तहेराच्या टिपणासारखे जगाशी जुळवून घेते, निश्चय यादीसारखा जगाला आपल्याशी जुळवायला लावतो.

या भेदाने जुन्या कोड्याचा निदान अर्धा भाग सुटतो. ‘मी तुझे पैसे परत करीन’ असे म्हणणारा माणूस भविष्याची बातमी देत नाही, म्हणून ते वाक्य आज कोणत्या वस्तुस्थितीमुळे खरे, हा प्रश्न त्याला लागूच होत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकात विवाहविधीत वधूवरांना प्रश्न विचारला जातो आणि दोघे ‘आय विल’ म्हणून होकार देतात. तिथे भविष्याचा अंदाज सांगितला जात नाही, संमती दिली जाते. उलट, वचन देणाऱ्याच्या दृष्टीने भविष्य खुले असणे आवश्यकच आहे. जे होणारच आहे त्याचे वचन कोणी देत नाही, आणि जे होणे शक्य नाही त्याचे देता येत नाही.

उरतो तो भाकिताचा भाग. तिथे ऑगस्टीन आणि बोएथियस यांच्या उत्तरांतून एक समान सूत्र निघते: वाक्य खरे असण्याने गोष्ट घडत नाही, गोष्ट घडण्याने वाक्य खरे ठरते. ‘तो येईल’ हे आज खरे मानले, तरी त्याच्या येण्याचे कारण त्या वाक्यात नसते. ते त्याच्या निघण्यात, गाडी मिळण्यात, वाटेत न थांबण्यात असते. तो आला नसता तर वाक्य खोटे ठरले असते, म्हणजे अवलंबून आहे ते वाक्य, माणूस नव्हे. हे मान्य केले की विधानाच्या खरेपणावरून दैववाद सिद्ध करता येत नाही. भविष्य प्रत्यक्षात खुले आहे की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही; त्यासाठी कार्यकारणभाव, निसर्गनियम आणि ईश्वराचे स्वरूप यांच्याकडेच वळावे लागते. व्याकरणाचे एक रूप त्याचा निकाल लावू शकत नाही. ते रूप कोणत्या वेळी भाकीत करते, कोणत्या वेळी निश्चय सांगते आणि कोणत्या वेळी बांधून घेते, हे ओळखले तर निदान नसलेल्या बेड्यांचा घोर लागत नाही, आणि दिलेल्या शब्दाचा भंग अंदाज चुकला म्हणून खपवता येत नाही.